इदु नम्मदल्ल!

आमच्या अत्तेंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाचायला येतं ते कन्नड. मराठी त्या फर्डी बोलतात, भांडतातसुद्धा. पण बेळगावात पन्नासहून जास्त वर्षं काढूनही देवनागरी पाटी अजून अक्षर लावून वाचतात. शिंपल्यांच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतकी साक्षर बाई मी पाहिलेली नाही. त्यांचं माहेर कुमठ्याजवळ, अघनाशिनी नदीच्या खाडीकाठी. आपण ज्यांना तिसऱ्या म्हणतो ते त्यांचे बळचु, आपले शिनाणे ते त्यांचे नीलिकल्लु आणि आपली कालवं ती त्यांची कल्व. बाजारात टोपली समोर आली की एक शिंपला उचलायचा, नखानं खरवडायचा, वास घ्यायचा आणि कुठल्या खाडीचा ते सांगायचं. कोळीण आधी हसते, मग गप्प होते.

या अत्ते गेल्या दिवाळीनंतर केरळात, कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराच्या काठावर उभ्या होत्या. हातातला काळपट शिंपला त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "इदु नम्मदल्ल."

हे आपलं नव्हे. त्या दोन शब्दांचा पाठपुरावा मी घरी आल्यावर बरेच दिवस करत राहिले, त्यातून हा लेख झाला.

आम्ही तिकडे गेलो होतो ते लेकीकडे. जावयांची नोकरी कोल्लमला. मडगावला गाडी बदलली आणि कोकण रेल्वेनं निघालो. कारवार गेलं, अंकोला गेलं, मिर्जान सोडलं तशा अत्ते खिडकीला चिकटल्या. अघनाशिनीच्या पुलावर गाडी आली तेव्हा ओहोटी होती. लांबवर कमरेइतक्या पाण्यात पाच-सहा बायका वाकून उभ्या. "बळचु काढताहेत," अत्ते म्हणाल्या आणि पूल संपेपर्यंत बोलल्या नाहीत. लहानपणी त्याही आईबरोबर तशाच पाण्यात उतरायच्या. पायाच्या तळव्यानं चिखल चाचपायचा, शिंपला लागला की बुडी मारून हातानं काढायचा. सोबत तरंगतं भांडं, त्यात टाकायचा. घरचं कालवण त्यातून, वहीपेन्सिलही त्यातूनच.

अघनाशिनीवर धरण नाही. सिरसीच्या बाजूला उगम पावून, उंचळ्ळीचा धबधबा घेऊन ती मोकळी समुद्राला मिळते. तिच्या खाडीत खाऱ्या पाण्याला टिकणारा कग्ग भात होतो आणि शिंपल्यांवर शेकडो घरं चालत आली. दोन हजारच्या दशकात झालेल्या पाहण्यांत तिथून वर्षाला हजारो टन शिंपले निघाल्याची नोंद आहे. २०२४ साली या खाडीला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं. आपण गोकर्णाला दर्शनाला जातो, तदडीला मासळी घेतो, पण त्या पाण्यात वाकलेल्या बायकांकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. माझंही अत्तेंमुळेच गेलं.

तर अष्टमुडी. आठ फाट्यांचं हे विस्तीर्ण खारं सरोवर नींदकरेजवळ समुद्राला मिळतं. २००२ साली तेही रामसर यादीत आलं. इथेही शिंपले काढण्याचा मोठा धंदा आहे आणि तो धंदा शहाणपणानं सांभाळलेला आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पूर्वी परदेशी मागणी वाढली तशी इथे वाट्टेल तशी काढणी सुरू झाली होती आणि उत्पन्न घसरू लागलं होतं. मग १९९०च्या दशकात मच्छीमार, अधिकारी आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी, शिंपल्यांच्या विणीच्या काळात, काढणी बंद. जाळ्याचा आस मोठा, म्हणजे बारकी पिल्लं खालीच राहतील. हे नियम पाळले गेले. २०१४ साली मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अष्टमुडीच्या या धंद्याला टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र दिलं. भारतात असा मान मिळवणारा हा पहिलाच मासेमारी व्यवसाय. तीन हजारांहून जास्त लोकांचं पोट त्याच्याशी जोडलेलं.

अशा ठिकाणी, आपलं घर नीट लावून ठेवलेल्या माणसांकडे, हा पाहुणा आला.

आम्ही होडीतून फिरत होतो. होडीवाल्यानं पाण्यातला एक बांबू दाखवला. नुसता बांबू तो राहिलाच नव्हता. त्याच्यावर हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा काळा थर, जवळून पाहिलं तर सगळे शिंपलेच. एकावर एक, एकाच्या पाठीवर दुसरा. त्यानं मूठभर ओरबाडून अत्तेंच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "वरत्तन." मल्याळममध्ये वरत्तन म्हणजे बाहेरून आलेला, उपरा. लेकीनं अर्थ सांगायच्या आत अत्तेंनी आपला निर्णय दिलेला होता. होडीवाल्याला कन्नड कळत नव्हतं आणि अत्तेंना मल्याळम, पण दोघं एकच बोलले.

मी विचारलं, "अत्ते, तुम्ही कशावरून ओळखलंत? मला तर शिनाणेच वाटले."

"शिनाणे हिरवे असतात गे, कडेला तर चांगलेच हिरवे. आणि केवढे मोठे होतात! हे बघ, बोटाच्या दोन पेराएवढं. आत बघ, जांभळं." त्यांनी अंगठ्यानं शिंपला उघडून दाखवला. "आणि नीलिकल्लु असा कुठेही बसत नाही. त्याला खडक लागतो, खेळतं पाणी लागतं. हा मेला दोरीवर बसलाय, बांबूवर बसलाय, चिखलावर बसलाय. ह्याला काय लाज?"

लाजेचं सोडलं तर बाकीचं वर्णन अगदी शास्त्रीय निघालं.

या शिंपल्याचं शास्त्रीय नाव मायटेला स्ट्रिगाटा. इंग्रजीत त्याला चारू मसल म्हणतात. आपल्याकडे चारू म्हणजे सुंदर. नावात काय काय लपतं पाहा. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा. लांबी साधारण दोन ते पाच सेंटिमीटर, रंग काळा, तपकिरी, कधी हिरवट, कधी अंगावर नागमोडी पट्टे. मचूळ पाण्यात तो जगतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही. शिनाणे साफ करताना आपण जी दाढी उपटून टाकतो, तसेच चिवट दोरे सोडून तो जे सापडेल त्याला घट्ट धरतो: लाकूड, दगड, जाळं, होडीचं बूड, दुसऱ्या शिंपल्याचं कवच. आणि वाढतो झपाट्यानं.

अमेरिकेत फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलला एका वीजकेंद्राच्या पाण्याच्या वाटेत तो १९८६ साली सापडला होता. आपल्या बाजूला २०१४ मध्ये फिलिपिन्सच्या मनिला उपसागरात, २०१६ मध्ये सिंगापूरला दिसला. भारतातल्या नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. कोची विद्यापीठ आणि केरळ विद्यापीठ इथल्या अभ्यासकांनी त्या केल्या. त्यांनी पाहणी केली तेव्हा तो एका जागी नव्हताच. कडिनंकुळम, परवूर, अष्टमुडी, कायंकुळम, वेंबनाड, चेट्टुवा, पोन्नानी अशी केरळच्या खाड्यांची माळच त्यानं धरली होती. अष्टमुडीत सर्वांत दाट: काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये ११ हजारांहून अधिक. चौरस मीटर म्हणजे आपला जेवणाचा लहान टेबल. तिथले शिनाणे आणि कालवं यांच्या जागा त्यानं बळकावल्या होत्या. २०१७च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ओखी वादळानं त्याच्या प्रसाराला हातभार लावला असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं.

पण दक्षिण अमेरिकेतला शिंपला मुळात इथवर आला कसा? पोहत तर आला नाही.

विहिरीवर पाणी भरलेल्या बायकांना हे लगेच कळेल. रिकामी घागर पाण्यावर सोडली की ती डचमळते, आडवी होते. थोडं पाणी आत गेलं की सरळ बसते. जहाजाचंही तेच. माल उतरवून रिकामं झालेलं जहाज समुद्रात डोलू नये म्हणून त्याच बंदरातलं पाणी पोटातल्या टाक्यांत भरून घेतात. जहाजवाले त्याला बॅलास्ट म्हणतात. मोठ्या जहाजात ते हजारो टन असतं. दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते पाणी सोडून देतात. आता शिंपल्यांची पिल्लं जन्मतः शिंपल्यासारखी नसतातच. डोळ्यांना न दिसणारी, पाण्याबरोबर काही आठवडे तरंगत राहणारी ती पिल्लं त्या टाकीतून जगप्रवास करतात, तिकीट न काढता. दुसरी वाट जहाजाच्या बुडाची. तळाला चिकटून बसायचं आणि जहाज जाईल तिकडे जायचं.

हा प्रकार आजचा नाही. १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात मायटिलॉप्सिस साल्ली नावाचा एक परका शिंपला दिसला, मूळचा कॅरिबियन बाजूचा. १९७०च्या दशकात तो मुंबईच्या गोदीत सापडल्याचंही शास्त्रज्ञांनी नोंदवलं. तो आजही गेलेला नाही. मुंबई बंदरात असे कोणकोणते पाहुणे येऊन बसलेत याची शिस्तशीर पाहणी दोन हजार सालाच्या सुमारास झाली. बॅलास्टच्या पाण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातली जी सहा बंदरं निवडली होती त्यांत मुंबई एक होतं आणि ते काम केलं आपल्या शेजारच्या गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं. दोना पावलाला फिरायला जाणारे बेळगावकर त्या इमारतीवरून कितीदा गेले असतील. मीही गेलेय, आईस्क्रीम खात.

हाच मायटिलॉप्सिस १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या होड्यांच्या गोदीत निघाला. तिथल्या सरकारनं तीन गोद्या बंद केल्या, पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं, शेकडो होड्या तपासल्या आणि शिंपला समूळ नाहीसा केला. जगात अशी उदाहरणं फार थोडी. ते जमलं, कारण त्या गोद्यांना दरवाजे होते. दार लावलं, औषध ओतलं. अष्टमुडीला दार कुठे आहे? आणि औषधानं वरत्तन मरेल तर त्याच्याबरोबर तिसऱ्या, कोळंबी, मासे सगळंच मरेल.

म्हणून सगळा भर आधीच अडवण्यावर आहे. बॅलास्टच्या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली लंडनला झाला आणि अमलात यायला २०१७चा सप्टेंबर उजाडला. तेरा वर्षं! आधीचा नियम असा की किनाऱ्यापासून शक्यतो २०० सागरी मैल लांब, खोल समुद्रात हे पाणी बदलून घ्यायचं. तिथल्या पाण्यातले जीव खाडीत जगत नाहीत, खाडीतले तिथे जगत नाहीत. पुढचा टप्पा जहाजावरच पाणी शुद्ध करणारी यंत्रं बसवण्याचा, त्याची मुदत सप्टेंबर २०२४ची होती. जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्यांसाठी मात्र २०११ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या, २०२३ साली त्या सुधारल्या. सूचनाच त्या, पाळण्याची सक्ती नाही. मला यातली कायद्याची बारकी अक्षरं कळतात असा माझा दावा नाही, पण घराचा पुढचा दरवाजा बंद करून मागचा सताड उघडा ठेवला तर काय होतं ते कळतं.

आता एक गोष्ट बोलून टाकते, कारण बेळगावात राहून ती टाळणं खरं होणार नाही. परका, उपरा, बाहेरचा हे शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. आपल्या गावात हे शब्द कोण कुणाला कधी म्हणेल सांगता येत नाही. माझ्या घरात तर दोन्ही बाजूंचे लोक एका ताटात जेवतात. लग्न होऊन आले तेव्हा अत्तेंच्या माहेरच्यांनी मलाही आधी शिंपल्यासारखंच उलटसुलट करून पाहिलं होतं! म्हणून नुसतं बाहेरून आलं ते वाईट, हे मला पटत नाही. मिरची बाहेरची, बटाटा बाहेरचा, काजू बाहेरचा. काजू काढून टाकला तर गोवा आणि कारवार काय खातील?

पाण्यातलंच घ्या. बाजारात आपण हल्ली जी पांढरी, एकसारख्या आकाराची कोळंबी घेतो, ती बहुतेक व्हनामी. तीही अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची. २००९ साली तिला इथल्या तळ्यांत वाढवायला रीतसर परवानगी मिळाली. परदेशातून येणाऱ्या तिच्या आईबापांना चेन्नईत विलगीकरणात ठेवून तपासतात आणि मगच पुढे पाठवतात. आज भारत परदेशी पाठवतो त्या कोळंबीत तिचाच वाटा मोठा. तिलापिया मासा १९५२ साली मुद्दाम आणून तळ्यांत सोडला. मराठीत तो चिलापी झाला, कन्नडमध्ये जिलेबी. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी "जिलेबी आणलीय" म्हटल्यावर मुलं धावत गेली आणि पिशवीतून मासा निघाला, तो किस्सा अजून निघतो. चिलापीनं गरिबाला स्वस्त मासा दिला हे खरं, आणि कित्येक तळ्या-खाड्यांतले स्थानिक मासे मागे ढकलले हेही खरंच. म्हणजे परवानगीनं आलेल्याचाही हिशेब सरळ नसतो. वरत्तनाला तर कुणी विचारलंच नाही. आणि त्याच्या येण्याचा खर्च ज्यांच्या माथी बसला, त्यांचा त्या जहाजांशी काही संबंध नव्हता.

हे कुणावर बसतं ते तमिळनाडूत दिसलं. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरची खाडी आणि पलीकडे पुलिकतचं सरोवर. तिथे हाच शिंपला पसरला आहे, लोक त्याला काक्का आळी म्हणतात. त्या बाजूला इरुळर समाजाच्या बायकापुरुष पाण्यात बसून हातानं चिखल चाचपत कोळंबी पकडतात. कोळंबीला लपायला मऊ चिखल लागतो. चिखलावर शिंपल्यांची फरशी बसली की ती येत नाही. आणि हात घालणाऱ्याचे हात, चालणाऱ्याचे पाय त्या धारदार कडांनी कापतात. मच्छीमारांनी आरडाओरड केली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, शिंपले उपसून काढण्याच्या योजना झाल्या. पण ज्याची पिल्लं पाण्यातून वाहतात ते उपसून किती उपसणार?

हे वाचून दाखवलं तेव्हा अत्तेंनी आपले तळवे पुढे केले. लहानपणच्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा अजून आहेत. "आमच्या मऊ चिखलात एवढं," त्या म्हणाल्या. "फरशीवर काय होईल?"

तुम्ही विचाराल, मग खाऊन का टाकत नाही? मीही तेच विचारलं होतं. गंमत म्हणजे त्याच्या मूळ मुलखात तो खातातच. ब्राझीलमध्ये त्याला सुरुरु म्हणतात. आलागोआस नावाच्या राज्यात मुंडाऊ सरोवराच्या काठची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या सुरुरु काढतात, बायका तो उकडून सोलतात, नारळाच्या दुधात त्याचं कालवण होतं. राज्याच्या सांस्कृतिक वारशात त्याची नोंद केली आहे. म्हणजे तिथे तो घरचा लेक. तिथल्या एखाद्या आजीच्या हातावर आपला बळचु ठेवला तर तीही आपल्या भाषेत तेच म्हणेल, जे अत्ते म्हणाल्या.

पण इथे खाऊन तो संपणार नाही. एक तर शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. कारखान्यांच्या कडेच्या, गटारं मिळणाऱ्या खाडीतले शिंपले तपासल्याशिवाय खाणं धोक्याचं, मग ते घरचे असोत की परके. आणि दुसरं, ते चवीला लागले आणि विकायला लागले, तर त्याला नव्या खाडीत मुद्दाम नेऊन सोडणारा कुणीतरी निघेलच. चिलापी तसाच पसरला.

नेण्यावरून आठवलं. होडीतून उतरल्यावर अत्तेंनी ओल्या रुमालात काहीतरी बांधलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "चार शिंपले. कुमठ्याला दाखवीन म्हणते. पाणी मारत नेलं तर जिवंत पोचतील." मी घाबरलेच. जहाजांना नावं ठेवता ठेवता आम्हीच त्याला अघनाशिनीला घेऊन निघालो होतो, तेही आरक्षित डब्यातून! लेक म्हणाली, "अज्जी, रुमाल इकडे द्या बघू." घरी जाऊन तिनं ते चांगले खळखळ उकडले, मांस काढून कचऱ्यात टाकलं, कवचं उन्हात वाळवली. अत्ते थोड्या रुसल्या. मग रिकामी कवचं त्यांनी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली.

यात आमच्यासारख्यांनी शिकण्यासारखं काही आहे. एका खाडीतलं जाळं, दोर, पिंजरा किंवा होडी दुसऱ्या खाडीत न्यायची असेल तर आधी किनाऱ्यावर घासून, कडक उन्हात चांगली वाळवून न्यायची. खरवडलेलं पाण्यात टाकायचं नाही, जमिनीवर टाकायचं. शिनाण्यांची किंवा कालवांची शेती करणाऱ्यांनी लांबच्या खाडीतलं बी आणताना त्यात दुसरं काय आलंय ते पाहायचं. घरातल्या काचेच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून नदीत सोडायचे नाहीत. यासाठी लंडनचा करार लागत नाही.

परतताना आम्ही कुमठ्याला उतरलो. अत्तेंच्या भाच्याची सून अजून खाडीत उतरते. बत्तीस-तेहतीसची असेल, दोन मुलं, नवरा तदडीच्या ट्रॉलरवर. संध्याकाळी ओसरीवर अत्तेंनी डबी उघडली आणि कवचं तिच्या ओंजळीत ओतली. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. एकीनं टोपलीतला नीलिकल्लु आणून शेजारी ठेवला. लांबी, कड, आतला रंग, सगळं बघून झालं. एकीनं जिभेनं चाटूनही पाहिलं. सुनेनं मोबाइलवर फोटो काढला, दोन्ही बाजूंनी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. ती दहावी शिकलेली आहे. हे कुठे कळवायचं असतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मत्स्य खात्याच्या माणसाला दाखव आणि कारवारच्या कॉलेजात समुद्रविज्ञान शिकवतात, तिथे फोटो पाठव. तिनं मान हलवली.

"सापडला तर करायचं काय पण?" तिच्या सासूनं विचारलं. बरोबर होता प्रश्न. पाच-दहा सापडले तर उपटून उन्हात टाकता येतील. बांबूभर झाले की उशीर झालेला असतो. मी एवढंच सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. एकीनं चहा आणला.

डबी अत्तेंनी तिथेच ठेवली. सुनेनं ती दिव्याच्या कोनाड्यात वर ठेवली, मुलांचा हात पोचणार नाही अशी.

आता दर अमावास्या-पौर्णिमेला, मोठी ओहोटी झाली की, अत्ते दुपारी फोन लावायला सांगतात. मी स्पीकरवर टाकते. परवाही लावला. पलीकडून कोंबडे, मुलं आणि भांड्यांचे आवाज. बळचु बरे निघाले म्हणाली. नीलिकल्लु थोडेच, कल्व अजिबात नाहीत.

"अदु?" अत्तेंनी विचारलं. ते?

"इल्ल अत्ते. नोडिदे." नाही, पाहिलं मी.

"सरि," अत्ते म्हणाल्या, आणि बळचुचा भाव काय चाललाय ते विचारू लागल्या.